मसाल्याच्या पेटीतला कागद

१

रामहरी आचारी अजून मेले नव्हते, पण त्यांच्या अंत्यविधीचा कागद मात्र चोरीला गेला होता. बुधवारी सकाळी ते स्वतःच ही तक्रार घेऊन दैवशालाबाईंच्या ओसरीवर आले. काखेत मसाल्याची लाकडी पेटी होती, आणि चेहऱ्यावर असा राग, की कुणी कढईतली बुंदीच पळवली असावी.

दैवशालाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. एसटीत त्या आधी कंडक्टर होत्या, मग तिकीट तपासनीस झाल्या. निवृत्त होऊन आपल्या ईट गावी परत आल्याला दोन वर्षं झाली, तरी तपासायची खोड गेली नव्हती. गावात कुणाची शेळी हरवो की मोबाईल, लोक आधी त्यांच्याकडे येत. त्यांची रीत ठरलेली होती. बिनतिकिटाच्या माणसाला 'तिकीट दाखवा' म्हटलं, की तो खिसे चाचपायचं नाटक करतो. 'कुठून बसलात' असं सहज विचारलं, की तो बोलायला लागतो, आणि बोलता बोलता जिथं गाडी थांबलीच नव्हती त्या थांब्याचं नाव घेतो.

"बसा अण्णा. पाणी देऊ?"

"पानी नगं. चोर दे मला."

कागदाची गोष्ट साऱ्या ईटला पाठ होती. रामहरीअण्णांनी पन्नास वर्षं भूम तालुक्यातल्या तेराव्यांची जेवणं रांधली. त्यांच्या बुंदीशिवाय मेलेल्या माणसाला मेल्यासारखं वाटत नाही, असं लोक म्हणायचे. आणि हाच माणूस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःसाठी यातलं काहीच नको म्हणून बसला होता. पुण्यात एका घरी स्वयंपाकाला गेले असताना त्यांनी बघितलं होतं. म्हातारे गेले, मुलांनी गाडी बोलावली, थेट स्मशानात नेऊन विधीशिवाय अग्नी दिला, आणि दुपारी सगळं घर एकत्र बसून वरणभात खात बापाच्या गोष्टी सांगत होतं. अण्णांना ते फार आवडलं. गावी येऊन त्यांनी वहीचा कागद फाडला आणि पंधरा दिवसांपूर्वी मारुतीच्या पारावर सगळ्यांना वाचून दाखवला.

"मला अंगणात मांडून ठिवायचं न्हाय," आताही त्यांनी बोटांवर मोजत तो म्हणून दाखवला. "हार नगं, वाजंत्री नगं, मंडप नगं. जीव गेल्यापासून दोन तासात थेट स्मशानात. तिसरा, दहावा, तेरावा कायबी न्हाय. राख शेतातल्या जांभळीच्या बुडाला. झालं."

"आणि तो कागद होता कुठं?"

"ह्या पेटीत. तळाला. वर लवंग, दगडफूल, जायपत्री. कागद नुसता हुंगला तरी भूक लागंल असा झाला हुता. ह्या पेटीला घरात कुणी हात लावत न्हाय. सोमवारी सांजच्याला हुता. मंगळवारी म्या रक्त तपासायला दिवसभर भूमला. आज बघतो तर न्हाय."

"घर शोधलं?"

"सगळं. कोठी, कपाट, गाद्याखाली, माळवदावर, गोठ्यात, न्हाणीत. पार गव्हाणीत हात घालून बघितला."

"मग दुसरा लिहा की अण्णा."

"दुसरा लिवून काय करू? ज्यानं ह्यो नेला त्यो दुसराबी नेईल." ते पुढं झुकले. "शुक्रवारी मला बार्शीला न्यायलेत. दोन ठिकाणी रक्ताची वाट बुजलीय म्हनं छातीत. डॉक्टर म्हनतो लगीच करावं लागतंय. पन कागद हाती आल्याबिगर म्या गाडीत पाय ठिवत न्हाय. उद्या टेबलावर बरंवाईट झालं, तर हे लोक मला हळदीकुकवात बुडवून ठिवतील."

दैवशालाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हाताऱ्याचा हट्ट त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. कागद सापडला नाही तर हा माणूस खरंच जाणार नव्हता, आणि गेला नाही तर पुढचं कुणाला सांगायला नको होतं.

उठता उठता अण्णा थांबले. "आनखी एक. सोमवारी दुपारी म्या त्यात जरा दुरुस्ती केली. दोन तास खोडून एक तास केलं. आनि खाली एक ओळ लिवली."

"काय ओळ?"

"ती कागदावरच वाच, सापडल्यावर."

"हे कुणाला माहीत आहे?"

"भिंतीला."

"मग भिंतीपुरतंच ठेवा," दैवशालाबाई म्हणाल्या आणि शेंगांचं सूप बाजूला सारून त्यांनी चपला पायात घातल्या.

२

मंगळवारी अण्णांच्या घरी कोण कोण येऊन गेलं हे कळायला शेजारणीच्या दारात दोन मिनिटं उभं राहणं पुरलं. मुलगा भागवत घरीच होता. मंडपवाला कल्याणप्पा मोठा झारा मागायला आला होता. आरोग्य केंद्राची आशाताई पौर्णिमा अण्णांचा रक्तदाब मोजायला आली आणि ते नाहीत म्हणून चहा घेऊन गेली. बाकी घरात अण्णांच्या मंडळी, म्हाळसाबाई.

भागवत ग्रामपंचायतीचा सदस्य. तो कार्यालयाच्या पायरीवरच भेटला. कागदाचं नाव काढताच त्याचा चेहरा कडू झाला.

"आत्या, खरं सांगतो, गेला ते बरं झालं. पण मी नाही नेला."

"तू नेला असं कुठं म्हटलं मी? तुला काय खटकतं त्यात, एवढंच विचारते."

"सगळंच. माणूस गेला, दोन तासात गाडीत घातला, नेऊन जाळला. बेवारस मढ्याला असं नेतात. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला पंगतीला बसवून जेवू घातलं, त्याच्या नावानं एक पंगत नाही? लोक म्हणतील भागवतला बाप जड झाला होता."

"आणि खाली काय लिहिलं होतं?"

"खाली? खाली सही. वाचला की त्यांनी पारावर." भागवतनं कपाळाला हात लावला. "आता तर गाडीतच बसत नाहीत म्हणतात. आत्या, मला कागद नको, मला माणूस पाहिजे. तुम्हीच सांगा त्यांना काहीतरी."

त्याचे डोळे भरून आले होते. दैवशालाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनातल्या मनात त्याला खाली उतरू दिलं.

कल्याणप्पाचं तसं नव्हतं. तो गोदामात ताडपत्र्या वाळवत होता, आणि दैवशालाबाई दिसताच त्यानं झारा पाठीमागं लपवला.

"लपवतोस काय कल्याणप्पा?"

"झारा हाय बाई. वाकलाय जरा. अण्णा बघतील तर माझाच मंडप माझ्यावर टाकतील." तो ओशाळून हसला. "कागद म्हनाल, तर म्या कशाला नेऊ? आमी लिंगायत, आमच्यात बसवून पुरतात, आमाला जाळायचं काय कळतंय? पन दोन तास म्हंजे थट्टाच हाय. दोन तासात माझी मान्सं खांबसुदीक रोवत न्हाईत."

"म्हणजे मंडप गेला म्हणून राग?"

"राग न्हाय, बाई. अण्णाची बुंदी आनि माझा मंडप, चाळीस वर्षं जोडीनं गेलो. त्यांच्याच दारात म्या रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

मोठा माणूस असा लहान मुलासारखा बोलायला लागला, की दैवशालाबाईंना फार संकोच व्हायचा. त्या झाऱ्याकडे बघत म्हणाल्या, "हातोडीनं हळू ठोक, सरळ होईल." आणि निघाल्या. दोघांनीही दोन तासच म्हटलं होतं. गाडी अजून तिसऱ्या थांब्यावर पोचायची होती.

३

म्हाळसाबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होत्या. गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच, यावर त्या घरात कुणी वाद घालत नसे. अण्णांची इथली जागा भिंतीला टेकलेल्या पाटावर, जेवायला बसण्यापुरती. चुलीकडे, डब्यांकडे त्यांनी संसारात कधी पाय वळवला नव्हता. आचाऱ्याचा स्वयंपाक अंगणात, मोठ्या कढईत. घरची चूल बायकोची.

"वैनी, अण्णा जेवले का?"

"कुठलं जेवत्यात. कागद, कागद." तव्यावरची भाकरी त्यांनी जोरात पलटली. "पन्नास वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्ली, त्यातली एकबी लिवून ठिवली न्हाय. आनि मरनाचा कागद तेवढा पेटीत."

"तुम्हाला नाही ना पटत ते?"

"तेराव्याचं म्हनता? पटतंय की. माझं काय न्हाय तेराव्यावर. लोकाच्या तेराव्याला हे म्हैनाम्हैना घराबाहेर हुते, म्या एकलीनं लेकरं संभाळली. ती जेवनं बंद झाली तर म्या पेढे वाटीन." त्या थांबल्या. पीठ लागलेल्या हातानंच त्यांनी डोळे पुसले. "पन मान्साला काय येळ देतात का न्हाय? एका तासात घराभाईर. माझी परात धुऊन हुयाची न्हाय तवर मानूस गेला. आसं आसतंय व्हय कुठं?"

दैवशालाबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"वैनी, तुम्हाला वाचता येतं?"

"म्या अंगठा हाय, ताई. सही सुदीक न्हाय येत."

म्हणजे ज्या थांब्यावर गाडी सोमवारी दुपारी फक्त एकदा थांबली होती, तिथं म्हाळसाबाई चढल्या होत्या. पण अक्षरशत्रू बाईला कागदावरचा एक तास दिसला कसा? गाडीत आणखी एक प्रवासी होता, आणि त्याला वाचता येत होतं.

४

पौर्णिमा अंगणवाडीत लसीकरणाचं रजिस्टर भरत होती. तिशीची, चुणचुणीत, आणि गावातल्या निम्म्या घरांची गुपितं पोटात घेऊन फिरणारी. आशाताईला फिरावंच लागतं.

"बघू गं तुझं अक्षर," म्हणत दैवशालाबाईंनी रजिस्टर ओढलं आणि पानं चाळली. पोलिओ, गोवर, धनुर्वात. आणि धनुर्वाताच्या पानातून लवंग, दगडफूल आणि जायपत्रीचा असा काही वास आला, की त्यांना सकाळपासून काही खाल्लं नसल्याची आठवण झाली.

"पौर्णिमा, लसीला हल्ली फोडणी देतात काय?"

पौर्णिमा आधी हसली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

"मावशी, मंगळवारी दुपारी म्हाळसाकाकू इथं आल्या, पदराखाली कागद घेऊन. सोमवारी अण्णा त्यात काहीतरी खोडताना त्यांना दिसले होते. तेव्हा इथं बायका होत्या, म्हणून मी तो रजिस्टरात ठेवला तासभर. मग वाचून दाखवला. कुणाला सांगू नको म्हणून खंडोबाची शपथ घालायला लागल्या. मी म्हटलं, आम्ही बौद्ध, आमच्यावर खंडोबाची चालत नाही. तर म्हणाल्या, मग आईची घे. ती चालते. पण तुम्ही वासावरूनच धरलंत, आता काय लपवू?"

"आणि खालची ओळ?"

पौर्णिमाला ती पाठ होती. "'एका तासात न्यावं. कुणाची वाट पाहू नये. करिश्माचीसुद्धा नाही.'"

करिश्मा म्हणजे भागवतची धाकटी बहीण, अण्णांची लाडकी. दिली नागपूरला. तिथून ईट म्हणजे सगळी रात्र प्रवास.

"मी वाचलं आणि म्हाळसाकाकू तिथंच खाली बसल्या," पौर्णिमा म्हणाली. "आता त्यांची फार ओढाताण चाललीय, मावशी. कागद दिला तर लेकीला बापाचं तोंड दिसत नाही, आणि नाही दिला तर अण्णा दवाखान्यात जात नाहीत."

"कागद कुठं ठेवलाय त्यांनी?"

"ते नाही सांगितलं. एवढंच म्हणाल्या, जिथं ह्यांचा हात जन्मात जाणार न्हाय तिथं ठिवते."

दैवशालाबाई मोठ्यानं हसल्या. कोठी, कपाट, गाद्या, माळवद, गोठा, न्हाणी. अण्णांनी गव्हाणीतसुद्धा हात घातला होता. एक जागा तेवढी त्यांनी मोजलीच नव्हती, आणि ती मोजायची असते हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

५

गुरुवारी दुपारी चार वाजता सगळे अण्णांच्या ओसरीवर जमले. भागवत खांबाला टेकून उभा होता. कल्याणप्पा सरळ केलेला झारा मांडीवर घेऊन बसला होता. पौर्णिमा रक्तदाबाचं मशीन घेऊन आली होती, आणि म्हाळसाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. दारात उद्याच्या प्रवासाची पिशवी भरून ठेवलेली होती, आणि अण्णा तिच्याकडे पाठ करून बसले होते.

"बोल. कोन हाय?"

"सांगते. भागवतनं नेला नाही. तो मला दोन तास म्हणाला, आणि खाली नुसती सही आहे म्हणाला. सोमवारनंतर त्यानं कागद पाहिलेलाच नाही. कल्याणप्पाचंही तेच. त्याचे खांब दोन तासावरच अडलेत."

"व्हय की," कल्याणप्पा म्हणाला.

"पण माझ्याशी बोलताना एकजण एक तास म्हणालं. तुम्ही खोडलेलं अण्णा, जे फक्त भिंतीला माहीत होतं."

अण्णा ताडकन उठायला गेले. पौर्णिमानं त्यांना खाली बसवलं. "हळू अण्णा, काटा वर जाईल."

"नाव सांग त्याचं."

"नाव नंतर. आधी मला मूठभर पीठ पाहिजे. तुमच्या हातचं. जरा घेऊन या."

"पीठ? आता?"

"तपासाला लागतं."

अण्णा धुसफुसत उठले, उंबऱ्यातून बायकोला ओलांडून आत गेले, आणि आत जाऊन थांबले. भांडी वाजली. एक झाकण पडलं. मग आतून आवाज आला.

"पीठ कुठंय?"

ज्या माणसानं पोत्यापोत्यानं पीठ मळवून घेतलं, त्याला स्वतःच्या घरातलं पीठ माहीत नव्हतं. पहिल्यांदा भागवतला हसू फुटलं, मग कल्याणप्पाला. म्हाळसाबाई मात्र हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या हळूच म्हणाल्या, "फळीखाली. पितळी डबा."

थोड्या वेळानं अण्णा दारात आले. कोपरापर्यंत पांढरे. हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत घडी घातलेला कागद.

ते बायकोकडे वळले. "तू?"

"म्या." म्हाळसाबाईंनी मान वर केली. "माजा बाप गेला तवा म्या हिथं सासरी. सांगावा आला तवर राख झाली हुती. तोंड न्हाय बघितलं. त्याला पन्नास वर्षं झाली. आजूनबी कधी दार वाजलं की मला वाटतंय बाप आला. करिश्माला आसं दार ऐकत बसायला लावू का म्या? जावा, द्या मला पोलिसात."

अण्णा ओसरीवर येऊन बसले. पीठ झटकायचंही त्यांना सुचलं नाही.

"आगं, म्या तिला टाळत न्हाय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो लहान झाला. "माजा बाप गेला तवा म्या नऊ वर्षांचा. चुलता हैदराबादेस्नं यायचा म्हनून मढं दीड दिस ठिवलं. मढं घरात, चूल पेटत न्हाय. धाकटी भैन भुकंनं रडत हुती. म्या कोरडं पीठ पान्यात कालवून तिला पाजलं. ती आपली पीत हुती, आनि म्हनत हुती, दादा, गोड न्हाय. ते मला आजून ऐकू येतंय. माज्यापायी घरातलं कुनी उपाशी ऱ्हाऊ नये, येवढंच हुतं. म्हनून म्या एक तास केला."

म्हाळसाबाईंना हे ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं, आणि अण्णांनी सांगितलं नव्हतं. त्या उठून नवऱ्याजवळ येऊन बसल्या आणि पदरानं त्यांच्या हातावरचं पीठ पुसू लागल्या.

पौर्णिमानं मशीन आवरलं. "अण्णा, मी एक बोलू? तुमची चूल पेटणार नाही, पण आमची पेटेल ना? शेजारचं घर कशाला असतं? करिश्माताई नागपूरहून येईस्तवर भाकरी-पिठलं मी आणीन. लेकरांना आणि म्हाताऱ्यांना पण."

"म्याबी खिचडी आनीन," कल्याणप्पा घाईनं म्हणाला. त्याला आणायला काहीतरी सापडलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते सरळ दिसत होतं.

अण्णांनी भागवतकडे हात केला. भागवतनं खिशातलं पेन दिलं. मांडीवर कागद ठेवून त्यांनी वरचा एक तास आणि शेवटची ओळ खोडली आणि सावकाश, अक्षर अक्षर जुळवत नवी लिहिली. मग कागद भागवतला दिला. "वाच. मोठ्यानं वाच. लोक इचारतील तवाबी आसाच दारात हुबा ऱ्हाऊन वाच, मंग तुला कुनी नावं ठिवनार न्हाय."

भागवतनं घसा साफ केला. "'बाकी सगळं वरीलप्रमाणं, थेट आणि साधं. करिश्मा येईपर्यंत थांबावं. पण कुणी उपाशी थांबू नये.'"

खाली साक्षीदार म्हणून पहिला अंगठा म्हाळसाबाईंचा उमटला. शाई नव्हती, तर लसीकरणात लेकरांच्या बोटाला खूण करायच्या पौर्णिमाच्या पेनानं काम भागलं.

६

पंधरा दिवसांनी दैवशालाबाई बाजाराला निघाल्या तेव्हा अण्णांच्या घरातून करपल्याचा वास येत होता. बार्शीहून छातीत दोन स्टेंट घेऊन अण्णा धडधाकट परत आले होते, हे त्यांना ठाऊक होतं. तरी हा वास काही त्या घराचा नव्हता, म्हणून त्या आत डोकावल्या.

चुलीपुढं रामहरीअण्णा बसले होते. परातीत पीठ, कपाळाला पीठ, आणि तव्यावर एक भाकरी, जिचा आकार कुठल्याच तालुक्यात बसला नसता. म्हाळसाबाई पाटावर, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"काय चाललंय अण्णा?"

"शिकतोय." त्यांनी घाम पुसला. "हजार मान्साची बुंदी पाडली, पन ही भाकर हाताला येईना. फाटतीच."

"पाणी जास्ती झालंय," म्हाळसाबाई म्हणाल्या. "बाजूला टाका. दुसरी घ्या."

"पण या वयात शिकायचं काय अडलंय?"

अण्णांनी पिठाच्या डब्याकडे बोट दाखवलं. आता तिथं एक सोडून दोन पिशव्या होत्या. "हिनंबी पौर्णिमाकडनं कागद लिवून घेतलाय. अंगठा लावून. तिलाबी थेटच जायचंय, साधं. करिश्माची वाट बघा म्हनती. शेजाऱ्याची भाकर चालंल म्हनती सगळ्यांला."

"मग?"

"फकस्त एकाला चालनार न्हाय म्हनती." अण्णा नवा गोळा हातावर घेऊन थापू लागले. "त्या दिशी ह्यांनी घरच्या चुलीवर सोताच्या हातानं भाकर करून खायाची, आसं लिवलंय. माज्यामागं हे उपाशी ऱ्हातील म्हनती."

म्हाळसाबाईंनी चुलीत एक लाकूड सारलं. "बोलू नका येवढं. ध्यान द्या. कडंला जाड ऱ्हातीय."